खाजगी क्रिप्टो फंडात पैसे टाकण्याआधी
सोसायटीतला ओळखीचा माणूस ‘आपला क्रिप्टो फंड आहे, महिन्याला पाच टक्के पक्के’ म्हणाला, तर आधी विचारा: नाणी कुणाच्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टोच्या डिजिटल पाकिटात? त्याच्याच असतील तर तुमच्याकडे उरतो फक्त व्हॉट्सॲपवरचा आकडा. वॉलेटचा पत्ता मागा, ब्लॉकचेन एक्सप्लोररवर (क्रिप्टोचे व्यवहार कुणालाही बघता येतात अशी वेबसाइट) शिल्लक स्वतः बघा आणि समोर बसून त्यातून एक किरकोळ व्यवहार करून दाखवायला सांगा. पत्ता काय, कुणाचाही चिकटवता येतो. कंपनीच्या नोंदणीचा कागद म्हणजे फंड चालवायचा परवाना नव्हे. पहिले दोन हप्ते वेळेवर आले म्हणून हुरळू नका, ते बहुतेक मागून आलेल्यांच्या खिशातले. आणि कर? नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर अधिभार-उपकर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.