बेकी शार्पच्या सीरियल्स कशा बघायच्या: आधी कुठली, नंतर कुठली आणि नजर कुठे ठेवायची

थॅकरे या इंग्रज लेखकाच्या 'व्हॅनिटी फेअर' या कादंबरीवर इंग्लंडमध्ये बऱ्याच टीव्ही सीरियल्स झाल्यात, आणि बेकी शार्प हे तिचं मुख्य पात्र. त्यातली कुठली बघू असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं, कमीत कमी दोन बघा, कारण एकच बघितली तर त्या एका लेखकाने ठरवलेली बेकी तुमच्या डोक्यात पक्की बसते आणि मग ती निघत नाही. थॅकरेने ही कादंबरी १८४७-४८ मध्ये दर महिन्याला एक हप्ता अशी छापली, आणि बेकीबद्दलच्या सगळ्यात मोठ्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याने मुद्दाम दिलीच नाहीत. पुस्तकात लेखक गप्प बसू शकतो हो, कॅमेऱ्याला काहीतरी दाखवावंच लागतं. म्हणून प्रत्येक सीरियलची खरी परीक्षा तिथेच होते.

गोष्ट अजिबात माहीत नसेल तर एवढं पुरे: बेकीचा बाप चित्रकार, आई फ्रेंच नाचणारी, दोघंही गेलेले, शाळेत फ्रेंच शिकवायच्या बदल्यात तिला ठेवून घेतलंय. पैसा नाही, घराणं नाही, आणि स्थळं बघायला आईही नाही, म्हणजे स्वतःचं लग्न स्वतःच जमवायचं. मैत्रीण अमेलिया श्रीमंत आणि साधी, तिचा भाऊ जॉस ईस्ट इंडिया कंपनीचा कलेक्टर, बंगालमधून पैसा घेऊन आलेला, आणि बेकीचा पहिला डाव त्याच्यावरच. (थॅकरे स्वतः कलकत्त्यात जन्मलेला, १८११ साली, त्यामुळे जॉसची करी आणि मिरचीची गंमत तो घरच्या माहितीवर लिहितो.)

सुरुवात २०१८ च्या सीरियलने करा. ७ एपिसोड, ग्वेनेथ ह्यूजेसचं लेखन, बेकी म्हणजे ऑलिव्हिया कुक, आणि मायकेल पॅलिन थॅकरे बनून येतो आणि गोष्ट सुरू करून देतो. भाषा सोपी, वेग चांगला, जुनं इंग्लिश ऐकायची सवय नसली तरी अडत नाही. कुक मधूनच सरळ आपल्याकडे बघते आणि आपण कधी तिच्या बाजूचे झालो ते कळतच नाही. तेच तिचं बळ आहे आणि तिथेच सावध राहायचं.

त्यानंतर लगेच १९९८ ची बीबीसीची. ६ एपिसोड, अँड्र्यू डेव्हिसची पटकथा, नताशा लिटल बेकी. माझी सगळ्यात आवडती हीच. इथे श्रीमंतांची घरं चकचकीत नाहीत, माणसं घामाघूम आणि लालबुंद आहेत, मरे गोल्डचं संगीत बँडवाल्यांसारखं ढणढण वाजतं, आणि लिटल तुम्हाला काहीच सांगत नाही, ती हसते आणि ते हसू खरं की हिशोबाचं हे तुम्हीच ठरवायचं! हीच नताशा लिटल मीरा नायरच्या २००४ च्या सिनेमात लेडी जेन झालीय, म्हणजे अख्ख्या गोष्टीतली सगळ्यात सरळ बाई. तो सिनेमा शेवटी बघा, त्यातली बेकी फार मऊ आहे.

१९६७ ची सुझन हॅम्पशायरवाली (५ भाग, अमेरिकेत दाखवली तेव्हा हॅम्पशायरला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला) आणि १९८७ ची ईव्ह मॅथेसनवाली १६ भागांची, या दोन्ही पूर्ण नाद लागला तरच शोधा.

आता नजर कुठे ठेवायची. पहिली जागा, शाळेतून निघालेल्या गाडीतून बेकी डिक्शनरी मागे फेकते तो सीन. सगळे तो बंडखोरीचा म्हणून बघतात पण पुस्तकात ती डिक्शनरी शाळा चालवणाऱ्या कडक मिस पिंकर्टनने दिलेली नाही, तिच्या साध्या बहिणीने, जेमिमाने, वाईट वाटलं म्हणून चोरून आणून दिलीय. तेव्हा फेकल्यावर कॅमेरा जेमिमाच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबतो ते बघा.

दुसरी, वॉटर्लूच्या लढाईच्या वेळचं ब्रसेल्स. सगळे पळायच्या मागे, घोडे मिळत नाहीत, आणि बेकी घाबरलेल्या जॉसला नवऱ्याचे घोडे अव्वाच्या सव्वा भावाने विकते. इथे तिचं डोकं बघून मजा वाटायलाच पाहिजे, नाही वाटली तर सीरियल फसली. पण पुढे ती स्वतःच्या लहान मुलाच्या थोबाडीत मारते, का तर तो जिन्यात उभा राहून तिचं गाणं ऐकत होता. बेकीला लाडकी नायिका करायची असेल तर हा प्रसंग अडचणीचा होतो, म्हणून तो ठेवलाय का, आणि ठेवला असेल तर किती घाईत उरकलाय, हे नक्की तपासा.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची. नवरा रॉडन कर्जापायी अडकतो, बेकीला चिठ्ठी पाठवतो, ती गोडगोड कारणं लिहून पाठवते, शेवटी वहिनी लेडी जेन पैसे भरून सोडवते, आणि तो घरी येतो तर बेकी दागिने घालून लॉर्ड स्टाइन या श्रीमंत उमरावाबरोबर बसलेली. ती म्हणते मी निर्दोष आहे. थॅकरे आपल्यालाच विचारतो, होती का दोषी? आणि पुढे जातो. तुमच्या सीरियलने त्याआधी किंवा नंतर एखादा सीन घालून उत्तर देऊन टाकलंय का? हे प्रकरण पुस्तकात ५३ वं आहे, एपिसोड संपला की लगेच वाचा, इंग्लिश जड वाटलं तरी चालेल.

दुसरा प्रश्न म्हणजे जॉसचा मृत्यू, बेकीने त्याला मारलं का? ६७ वं प्रकरण, अगदी शेवटचं. विम्याचे पैसे, घाबरलेला जॉस, आणि बेकीच्या वकिलांची नावं बर्क, थर्टेल आणि हेज, तिन्ही त्या काळच्या वाचकांना माहीत असलेल्या खुन्यांची नावं. बस, एवढंच. थॅकरेने स्वतः काढलेल्या चित्रांत एक आहे, जॉस विनवण्या करतोय आणि बेकी पडद्याआड उभी आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर पुस्तक फुकट मिळतं, चित्रांची आवृत्ती बघून घ्या, आणि मग दोन्ही सीरियल्सचे शेवट लागोपाठ लावून कोणी तो पडदा ठेवलाय आणि कोणी ओढून काढलाय ते बघा.