साडेसात फेऱ्या कशा धावाव्यात

मागच्या आठवड्यात शाळेकडून माझी शेवटची शर्यत झाली. ३००० मीटर, चौथा नंबर, ११ मिनिटं ३१ सेकंद. माझ्या सर्वोत्तम वेळेपेक्षा ७ सेकंद जास्त. घरी आले आणि नववीपासूनच्या चारही वह्या काढून बसले. रोज काय धावलात ते लिहा, असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी लिहीत गेले, पण सलग वाचलं आत्ता. हरलेल्या शर्यतींचं फारसं काही वाटलं नाही. लाज वाटली ती वेगवेगळ्या शाईत लिहिलेल्या त्याच त्या चुकांची. पुढच्या वर्षी माझ्या जागी जे उभे राहणार आहेत, त्यांच्यासाठी त्यातून हे काढलंय. वेगात कसं धावायचं ते सर शिकवतीलच. मला तीन वर्षं लागली ती हळू धावायला शिकायला, म्हणून सुरुवात तिथून.

सतराचा पाढा

आठवड्यातले बहुतेक दिवस सावकाश धावण्याचे असतात. माझ्या पहिल्या वहीत सरांच्या अक्षरात ‘सोपा दिवस’ आणि खाली माझ्या अक्षरात ‘५ किमी, २४:१०, मस्त!’ असं लिहिलंय. तेव्हा माझी ३००० ची वेळ होती १३:०७. म्हणजे सोप्या दिवशी मी जवळजवळ शर्यतच धावत होते, आणि दोन दिवसांनी इंटरव्हल (मध्ये थोडी विश्रांती घेत वेगाने धावायचे तुकडे) आले की पाय शिशाचे. ८०० मीटरच्या चार फेऱ्या सांगितल्या असतील तर तिसरीतच माझा निकाल लागायचा.

सोपा वेग ओळखायची माझी पद्धत अशी: धावताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. दोन आकड्यांच्या मध्ये श्वास तुटायला लागला की वेग जास्त आहे, कमी करा. बाकीचे पुढे जातील. जाऊ द्या. सुरुवातीला फार अपमान वाटतो, एकदा तर आठवीतल्या मुलाने मागे वळून ‘ताई, बरं वाटत नाही का?’ असं विचारलं होतं. मी पाढा म्हणत राहिले.

या संथ धावण्यातही हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. घाईने धावल्यावर ते जास्त वाढेल असं काही नाही, फक्त थकवा वाढतो.

नडगी

दमसास लवकर वाढतो, हाडं मागे राहतात. हाडाला नव्या भाराची सवय व्हायला काही महिने लागतात, आणि नेमकं त्याच काळात आपल्याला ‘आता मी कितीही धावू शकते’ असं वाटत असतं. दहावीत सुट्टीनंतर मी आठवड्याचे २० किलोमीटर एकदम ४० वर नेले. महिन्याभरात उजवी नडगी दुखायला लागली.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवा. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेली, धावताना अंग गरम झालं की थोडी कमी होणारी दुखण्याची तऱ्हा वेगळी. त्यात भार कमी केला की बहुतेकदा भागतं. एका बोटाने दाबून ‘हे इथे’ असं दाखवता येतं, चालतानाही ठणकतं, रात्री पडल्यावरही जाणवतं, तर ते हाडातलं असू शकतं. त्या दिवशीच धावणं थांबवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेमध्ये अशी बारीक चीर पुष्कळदा दिसतच नाही, तेव्हा ‘एक्स-रे चांगला आलाय’ म्हणून दुसऱ्या दिवशी धावायला येऊ नका.

मी सरांपासून तीन आठवडे लपवलं, कारण मोठी स्पर्धा जवळ आली होती. ती स्पर्धा तर गेलीच, वर दहा आठवडे गेले. वहीतली ती पानं कोरी आहेत. एका पानावर फक्त ‘पोहले’ असं लिहिलंय.

मुलींसाठी आणखी एक. पाळी थांबली तर ते जास्त सरावाचं प्रमाणपत्र नव्हे. खाणं धावण्याला पुरत नाहीये, हे शरीर अशा रीतीने सांगतं, आणि पुढची किंमत हाडं मोजतात. अकरावीत माझ्या वेळा काही कारण नसताना बिघडत गेल्या, जिना चढतानाही धाप लागायची. मी स्वतःला आळशी म्हणत राहिले. रक्त तपासलं तर शरीरातला लोहाचा साठा तळाला गेला होता. तपासल्याशिवाय गोळ्या मात्र घेऊ नका, लोह जास्त झालं तरी त्रास होतो.

बुटांबद्दल फार लिहीत नाही. पायाला बसतील ते घ्या, आणि नवे बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

शर्यत

४०० मीटरच्या ट्रॅकवर ३००० म्हणजे साडेसात फेऱ्या. सुरुवात समोरच्या बाजूला, २०० मीटरच्या खुणेपाशी होते. अर्धी फेरी धावून पहिल्यांदा शेवटच्या रेषेवर येता तेव्हा सात फेऱ्या बाकी असतात. उलटे आकडे मोजा, चढत्या मोजणीत चौथी की पाचवी असा घोळ होतोच.

ही पहिली अर्धी फेरीच माझ्या बहुतेक शर्यती खाऊन गेली. पहिल्याच शर्यतीत मी ते २०० मीटर ३८ सेकंदांत गेले, सगळ्यांच्या पुढे, लोक माझं नाव घेऊन ओरडत होते. शेवटून दुसरी आले. गणित अगदी साधं आहे: १२ मिनिटांचं लक्ष्य असेल तर एका फेरीला ९६ सेकंद, म्हणजे पहिल्या २०० ला ४८. ते ४८ त्या वेळी रांगल्यासारखे वाटतात, कारण बंदुकीच्या आवाजाने अंगात जे संचारतं त्यात खरा वेग कळतच नाही. म्हणून सरावात आठवड्यातून एकदा घड्याळ न बघता २०० मीटर धावा, आधी अंदाज सांगा, मग घड्याळ बघा. फिनलंडचा पावो नुर्मी हातात स्टॉपवॉच धरून शर्यती धावायचा आणि त्याने ऑलिम्पिकची ९ सुवर्णपदकं मिळवली. आपण शर्यतीत घड्याळ बघत बसण्यापेक्षा ते पायांत बसवायचं.

मधल्या फेऱ्यांत वळणावर कुणाला मागे टाकायला जाऊ नका. अख्खी फेरी दुसऱ्या लेनमधून काढली तर सात मीटरच्या आसपास जास्त धावावं लागतं. सरळ भाग येईपर्यंत मागे चिकटून राहा.

आणि पाचवी फेरी. चारही वह्यांत माझी पाचवी फेरी सगळ्यात संथ आहे, चार-पाच सेकंदांनी. तिथे सुरुवातीचा जोश संपलेला असतो आणि शेवट दिसत नसतो. बारावीत मी तळहातावर पेनाने ‘५’ लिहून धावायला लागले. चौथी संपली की मुद्दाम थोडा जोर लावायचा; इतकं करून वेग जेमतेम तेवढाच राहतो. त्याच हंगामात ११:२४ आले.

पडलात तर उठा, पण तुटलेलं अंतर एका फेरीत भरून काढायला धावू नका. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये फिनलंडचाच लासे व्हिरेन १०,००० मीटरच्या अंतिम शर्यतीत पडला, उठला, पुन्हा घोळक्यात शिरला आणि जागतिक विक्रम करून जिंकला. मी पडले तेव्हा उठून पिसाटासारखी पळाले आणि दोन फेऱ्यांनी चालत होते.

शेवटी रेषेच्या पलीकडे पाच मीटरपर्यंत धावत जा. २००३ साली पॅरिसला केनियाच्या १८ वर्षांच्या एलिउड किपचोगेने ५००० मीटरचं जागतिक विजेतेपद अवघ्या ०.०४ सेकंदाच्या फरकाने मिळवलं. माझ्या शेवटच्या शर्यतीत तिसरा नंबर याहून जास्त फरकाने गेला, पण मी रेषेच्या एक पाऊल आधी मोठ्या पडद्यावरचं घड्याळ बघितलं होतं, हेही वहीत लिहून ठेवलंय.

वही रोज लिहा. अंतर, वेळ, झोप किती झाली, काय दुखलं. ‘मस्त’ वगैरे लिहू नका, पुढे काही बोध होत नाही. माझ्या चार वह्या मी सामानाच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवल्या आहेत, चौथीत अकरा पानं शिल्लक आहेत. शेजारी जुनं स्टॉपवॉच आहे. त्याचं बटण अडकतं, दोनदा दाबायला लागतं.