नेटवर्कची केबल वाढवताना या चुका टाळा: शंभर मीटर नेमके कुठून कुठे मोजायचे?

सोसायटीला गेटवर कॅमेरा हवा असतो किंवा शाळेचा संगणक कक्ष दुसऱ्या मजल्यावर हलवला जातो, आणि जुन्या केबलला पुढे नवी केबल जोडून काम भागवले जाते. केबल जिथे बसते त्या पोर्टवरचा दिवा लागतो, इंटरनेटही चालते. तक्रारी मात्र काही दिवसांनी सुरू होतात.

केबल १०० मीटरपेक्षा लांब नसावी, हे बहुतेकांना ठाऊक असते. चूक होते ती मोजण्यात. स्विचच्या (अनेक यंत्रे एका नेटवर्कला जोडणाऱ्या पेटीच्या) पोर्टपासून संगणकाच्या पोर्टपर्यंत जेवढी तांब्याची तार येते, ती सगळी या शंभरात धरायची असते. त्यांपैकी ९० मीटर भिंतीत पक्क्या बसवलेल्या केबलसाठी आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डसाठी, म्हणजे यंत्राला जोडायच्या सुट्या केबलसाठी, मिळून असतात. पॅच कॉर्ड लवचीक राहावी म्हणून तिच्यात एकसंध तारेऐवजी बारीक तारांचा पीळ असतो आणि त्यातून जाताना सिग्नल अधिक क्षीण होतो. म्हणून ७० मीटर केबलला ३० मीटरची पॅच कॉर्ड जोडणे, बेरीज शंभर भरत असली तरी, योग्य नाही.

नकाशावरचे अंतर हेही फसवे असते. केबल पाइपातून वर चढते, छतातून वळसा घेते, पुन्हा खाली उतरते, आणि ६० मीटरचे ८५ कधी झाले ते कळत नाही. केबलच्या आवरणावर ठरावीक अंतराने लांबीचे आकडे छापलेले असतात. एका अखंड तुकड्याच्या दोन्ही टोकांजवळचे आकडे टिपून वजाबाकी केली की खरी लांबी मिळते. फक्त ते आकडे मीटरचे आहेत की फुटांचे, ते आधी पाहून घ्यावे.

दोन केबल जोडणारा जॉइनर लावला की मर्यादा नव्याने सुरू होते, हा समज मला वारंवार आढळतो. जॉइनर केवळ तारेला तार भिडवतो, सिग्नल पुन्हा तयार करीत नाही; उलट प्रत्येक सांध्यावर त्याचा थोडा भाग परावर्तित होतो. स्विच मात्र आलेला डेटा वाचून नव्या सिग्नलने पुढे पाठवतो, त्यामुळे ८० मीटरवर स्विच बसवला तर तिथून पुन्हा १०० मीटर मिळतात. अर्थात तिथे वीजपुरवठा आणि पावसापासून संरक्षण या दोन्हींची सोय हवी. काही पीओई स्विचवर (जे डेटाच्याच केबलमधून यंत्राला वीजही पुरवतात) २५० मीटरपर्यंत केबल चालवण्याचा खटका असतो, पण त्यामुळे पोर्टचा वेग १० एमबीपीएसवर उतरतो. एका कॅमेऱ्याला तो पुरेल. संगणक कक्षाला पुरणार नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक स्वस्त केबलची आहे. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा बाहेरून तांब्यासारख्याच दिसतात. पात्याने खरवडल्यावर आतली पांढरट तार उघडी पडते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच असल्याने अशा केबलवर शंभर मीटरचा हिशेब लागू होत नाही. पीओईच्या मूळ मानकात स्विच १५.४ वॅट देतो तेव्हा दुसऱ्या टोकाला १२.९५ वॅटचीच हमी असते, कारण मधली घट तांब्याच्या केबलची धरलेली आहे. दिवसा नीट चालणारा कॅमेरा अंधार पडताच पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होत असेल, तर कॅमेरा बदलण्याआधी केबल तपासावी: रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते आणि लांब केबलमध्ये व्होल्टेज पडते.

उन्हाळ्यात गच्चीवरून जाणाऱ्या केबलबद्दल विशेष काळजी घ्यावी. तापमान वाढले की तारेचा रोध आणि सिग्नलची घट दोन्ही वाढतात. धातूचे कवच नसलेल्या साध्या केबलसाठी २० अंशांला धरलेली ९० मीटरची मर्यादा ६० अंशांला सुमारे ७५ मीटरवर येते, आणि अकोला किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हातल्या पाइपात एवढी उष्णता साचणे अवघड नाही.

बिघाड शोधताना दिव्यावर विसंबू नये. जोडणीचा वेग पाहावा. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएस वेगाला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, त्यामुळे गिगाबिट पोर्टवर १०० एमबीपीएस दिसले तर बहुधा एखादी जोडी तुटलेली किंवा नीट न बसलेली असते. वेग बरोबर असूनही फाइल रखडत असेल, तर स्विचवरील सीआरसी त्रुटींची, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाच्या नोंदींची, संख्या पाहावी. ती वाढत असेल तर त्याच पोर्टला खात्रीच्या छोट्या केबलने संगणक जोडावा. त्रुटी थांबल्या तर दोष मधल्या केबलचा आहे. कॅट ६ दर्जाच्या केबलवर १० गिगाबिट चालवायचे असेल, तर मर्यादा ५५ मीटर किंवा त्याहूनही कमी असते. पूर्ण शंभरासाठी कॅट ६ए लागते.

दोन इमारती जोडायच्या असतील, तर अंतर ४० मीटर असले तरी मी तांब्याची केबल सुचवत नाही. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असू शकतो, आणि जवळपास वीज पडली तर तिचा धक्का केबलमधून दोन्ही टोकांच्या स्विचपर्यंत पोहोचतो. तिथे धातूची तार नसलेली, काचेच्या तंतूतून प्रकाशाने डेटा नेणारी सिंगल मोड फायबर टाकावी. गिगाबिटच्या मानकानुसार ती ५ किलोमीटरपर्यंत चालते.