उरलासुरला बर्फ आणि वसंतातला ट्रेक: या चुका टाळा

पायथ्याशी फुलं आलेली, वाट कोरडी, ऊन छान. अशाच दिवशी लोक जाड हातमोजे गाडीत ठेवून निघतात. पण उंची १००० मीटरने वाढली की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. पायथ्याला १२ अंश असतील, तर २००० मीटर वर गेल्यावर शून्याच्या आसपास. त्यामुळे अंदाज बघायचा तो माथ्याचा, गावाचा नव्हे.

घड्याळाकडे दुर्लक्ष

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वसंतातला बर्फ दिवसभर एकसारखा राहत नाही. रात्री आकाश निरभ्र असेल तर तो गोठून काचेसारखा कडक होतो. सकाळी त्यावर बूट रुतत नाही, घसरतो. ऊन लागलं की वरचा थर थोडा मऊ होतो आणि पाय घट्ट बसतो. चालायला हीच वेळ उत्तम. दुपारी मात्र त्याचा चिखल होतो, गुडघ्यापर्यंत पाय आत जातो, आणि ताकद तिथेच संपते. पाय सारखा रुतू लागला की उशीर झाला असं समजा. त्यातच उतार ३० ते ४५ अंशांचा असेल, वरून बर्फाचे गोळे घरंगळत येत असतील, तर तिथून लगेच बाजूला व्हा. ओला बर्फ घसरायला लागल्याची ती खूण असते.

ओढ्यांचंही तसंच. सकाळी दगडांवरून उडी मारत ओलांडलेला ओढा संध्याकाळी मांडीपर्यंत भरलेला मिळतो, कारण दिवसभर वितळलेलं पाणी तोवर खाली पोचतं. ओढ्यावरचा बर्फाचा पूलही दुपारनंतर पोकळ झालेला असतो. मोठे खडक आणि झाडांचे बुंधे यांच्याभोवतीही तीच पोकळी असते. तिथे पाय अडकला तर झटक्यात ओढू नका, आधी वजन दुसऱ्या पायावर घ्या.

वेळेचा उन्हाळी हिशोब

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली दिलेला ठोकताळा अजून वापरला जातो: साधारण ५ किलोमीटरला एक तास, शिवाय ६०० मीटर चढाईला आणखी एक. बर्फात तो पाळता येत नाही. मी सरळ दीडपट वेळ धरतो, आणि परतीची वेळ निघतानाच ठरवतो.

चुकीचं साधन

मायक्रोस्पाइक्स म्हणजे बुटाला चढवायच्या साखळ्या आणि छोटे दाते. सौम्य चढाच्या घट्ट वाटेवर त्या झकास चालतात. तीव्र उतारावर त्या घालून जाणं म्हणजे खोटा धीर. तिथे क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लांब, टोकदार दाते) आणि आइस ॲक्स (बर्फात रोवायची छोटी कुदळ) लागते, आणि घसरल्यावर ॲक्सने स्वतःला थांबवण्याचा सराव आधीच केलेला हवा. तो नसेल तर ॲक्स शोभेची वस्तू. अशा वेळी परत फिरा.

दुसऱ्याच्या पाऊलखुणा

खुणेचे दगड बर्फाखाली असतात म्हणून लोक पावलांमागे जातात. पण पुढचाही वाट चुकलेला असू शकतो! नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, आणि फोन आतल्या खिशात. थंडीत बॅटरी पटकन उतरते. नकाशावर उताराची दिशाही बघा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर बर्फ सगळ्यात उशिरा जातो, दक्षिण गोलार्धात याच्या उलट. चढणीला उघडी वाट मिळाली म्हणून पलीकडची उतरणही तशीच असेल असं धरू नका.

काळा चष्मा विसरू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, आणि डोळ्यांची आग सुरू होते ती काही तासांनी, म्हणजे तंबूत. सुती कपडे नकोतच, ओले झाले की वाळत नाहीत.

आणि उतरताना बसून घसरगुंडी करायचा मोह झाला, तर आधी क्रॅम्पॉन काढा. एक दाता बर्फात अडकला की घोटा मोडतो. उताराचं खालचं टोक दिसत नसेल, तर चालतच उतरा.