फोनवर लिनक्स चढवताना या चुका टाळा

फोनवर लिनक्स चढवताना होणाऱ्या बहुतेक चुका निस्तरता येतात. स्क्रीन काळी राहते, वायफाय सापडत नाही, सिम दिसत नाही. हे सगळं केबल जोडून सुधारता येतं. मोजक्या चुका मात्र कायमच्या असतात, आणि त्या बहुधा पहिल्या तासाभरात, घाईत होतात. म्हणून सुरुवात फ्लॅश करण्याआधीच्या (म्हणजे फोनमध्ये नवी सिस्टिम लिहिण्याआधीच्या) तयारीपासून.

विक्रीचं नाव पाहून इमेज उतरवू नका

एकाच नावाने विकल्या गेलेल्या फोनच्या पोटात वेगवेगळ्या चिप असू शकतात. सॅमसंग गॅलॅक्सी एस४ घ्या: आय९५०० मध्ये एक्सिनॉस, तर आय९५०५ मध्ये स्नॅपड्रॅगन. एकाची इमेज (फोनमध्ये टाकायची सिस्टिमची तयार फाइल) दुसऱ्यावर चालणार नाही. त्यामुळे सेटिंगमधल्या 'फोनविषयी' पानावरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या, त्याचं सांकेतिक नाव शोधा आणि त्याच नावाची इमेज उतरवा. वनप्लस ६ म्हणजे 'एन्चिलाडा', ६टी म्हणजे 'फजिता'. पोको एफ१ ला तर 'बेरिलियम' हे नावही पुरत नाही. त्यात टियान्मा आणि ईबीबीजी अशा दोन प्रकारचे स्क्रीनचे पॅनल बसवलेले आहेत आणि दोन्हींसाठी इमेज वेगळी आहे. सिस्टिम चालू झाल्यासारखी वाटते पण स्क्रीन साथ देत नाही, असं झालं तर दुसऱ्या पॅनलची इमेज टाकून पाहा. यात कायमचं नुकसान काही नाही.

पोस्टमार्केटओएस या फोनसाठीच्या लिनक्स सिस्टिमच्या यादीत फोन 'आहे' याचा अर्थ तो वापरण्याजोगा आहे असा नाही. 'टेस्टिंग' गटातले बरेच फोन जेमतेम सुरू होतात. 'मेन' किंवा 'कम्युनिटी' गटातला फोन निवडा, आणि तिथेही त्या फोनच्या पानावरचा तक्ता ओळीने वाचा: कॉल, आवाज, कॅमेरा, जीपीएस, झोप (सस्पेंड). जे तक्त्यात लाल आहे ते तुमच्या हातात आल्यावर हिरवं होत नाही.

उबंटू टच या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमचं गणित वेगळं आहे. उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मध्ये हात काढून घेतल्यावर यूबीपोर्ट्स या समुदायाने ते पुढे चालवलं. त्याचे बहुतेक पोर्ट (एकेका फोनसाठी जुळवलेल्या आवृत्त्या) हॅलियमवर, म्हणजे अँड्रॉइडच्याच ड्रायव्हरवर उभे आहेत. त्यामुळे इन्स्टॉल करण्याआधी फोनवर अँड्रॉइडची नेमकी सांगितलेली आवृत्तीच असावी लागते. पोर्टला अँड्रॉइड ९ हवं असताना फोन ११ वर असेल, तर लोगोवरच अडकणं, आवाज नसणं, कॅमेरा मेलेला असणं हे सगळं त्यातूनच येतं. आधी कारखान्याची योग्य आवृत्ती टाका, ती एकदा पूर्ण सुरू करा, एक कॉल लावून पाहा आणि मगच पुढे जा.

मोडेमची पार्टिशन जपा

क्वालकॉमची चिप असलेल्या फोनमध्ये मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी आणि पर्सिस्ट अशी काही छोटी पार्टिशन (साठवणीचे कप्पे) असतात. फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) आणि रेडिओचं कॅलिब्रेशन पहिल्या तिघांशी जोडलेलं असतं. सेन्सरचं कॅलिब्रेशन आणि बऱ्याच फोनमध्ये वायफायचा पत्ता पर्सिस्टमध्ये. ही माहिती त्या एका फोनपुरतीच असते, त्यामुळे दुसऱ्याच्या फोनची प्रत उपयोगी पडत नाही. फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा बूटलोडर अनलॉक झाल्यावर (त्यात फोनवरचा सगळा डेटा पुसला जातो, हे लक्षात असू द्या) पहिलं काम म्हणजे रिकव्हरी (दुरुस्तीसाठीची वेगळी छोटी सिस्टिम) सुरू करून या पार्टिशनची डीडी या कमांडने प्रत काढणं, आणि ती फोनबाहेर दोन ठिकाणी ठेवणं. एवढं एक काम केलं की पुढचे बरेचसे प्रयोग निर्धास्तपणे करता येतात. फ्लॅश करणाऱ्या एखाद्या टूलमध्ये 'सगळं पुसा' असा पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका.

बूटलोडर पुन्हा लॉक करू नका

फोन सुरू होताना दिसणारा 'बूटलोडर अनलॉक आहे' हा इशारा डोळ्यांना खुपतो, म्हणून काही जण लिनक्स टाकून झाल्यावर तो परत लॉक करायला जातात. लॉक झालेला बूटलोडर कंपनीची सही नसलेली इमेज सुरू करत नाही, आणि काही फोनमध्ये पुन्हा अनलॉक करायचा पर्याय चालू अँड्रॉइडमध्येच असतो, जे आता फोनवर उरलेलंच नाही. लॉक करायचाच असेल तर कारखान्याची इमेज पूर्णपणे परत टाकून, ती सुरू झाल्याची खात्री करून मगच करा.

परत जाताना आणखी एक सापळा आहे. शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये जुन्या आवृत्तीवर जाण्याला अटकाव असतो. फास्टबूट (संगणकावरून बूटलोडरशी बोलणारं टूल) वापरून दिलेली 'फास्टबूट गेटव्हार अँटी' ही कमांड जो आकडा देते, त्यापेक्षा कमी आकड्याची इमेज टाकली तर फोन कायमचा बंद पडू शकतो.

फ्लॅश करताना

'वेटिंग फॉर एनी डिव्हाइस' असं लिहून टर्मिनल थांबलं तर आधी केबल बदला. फक्त चार्जिंगपुरत्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. मग सॉकेट बदला: काही संगणकांच्या यूएसबी ३ सॉकेटवर फास्टबूट अडखळतं, आणि यूएसबी २ चं सॉकेट किंवा मध्ये साधा हब लावला की तेच काम सुरळीत होतं. लिनक्स संगणकावर 'फास्टबूट डिव्हाइसेस' काहीच दाखवत नसेल पण सुडो (प्रशासकाचा अधिकार) लावल्यावर दाखवत असेल, तर दोष फोनचा नाही, यूडेव्हचे (यूएसबी उपकरणं वापरायची परवानगी देणारे) नियम घालायचे राहिलेत.

'इनव्हॅलिड स्पार्स फाइल फॉरमॅट' ही ओळ पाहून घाबरून केबल ओढू नका. मोठी कच्ची इमेज पाठवताना ती येते. काम चालू राहतं आणि खाली 'ओके' दिसतं. उलट उतरवलेली इमेज अर्धवट असेल तर बऱ्याचदा कुठलीच सूचना मिळत नाही, म्हणून फ्लॅश करण्याआधी फाइलचा एसएचए२५६ हा तपासणीचा आकडा इमेजसोबत दिलेल्या आकड्याशी जुळवून पाहा.

सगळं 'ओके' होऊनही वनप्लस ६ सारखा फोन सुरू होत नसेल, तर बहुधा डीटीबीओ पुसायचं राहिलेलं असतं. त्या पार्टिशनमधलं अँड्रॉइडचं हार्डवेअर-वर्णन मेनलाइन (मूळ लिनक्सच्या) कर्नलच्या वर्णनात मिसळलं जातं आणि सुरुवातीलाच घोळ होतो. 'फास्टबूट इरेज डीटीबीओ' चालवा. तेही झालं असेल तर 'फास्टबूट गेटव्हार करंट-स्लॉट' चालवून चालू स्लॉट कोणता ते विचारा. ए आणि बी असे दोन स्लॉट असलेल्या फोनमध्ये कर्नल एका स्लॉटमध्ये गेलं आणि फोन दुसऱ्यातून सुरू होतोय, असं सर्रास होतं.

एसडी कार्डावर लिहायचं असेल तर डीडी चालवण्याआधी डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलके कमांडने कार्डाचा आकार पाहून घ्या. एक अक्षर चुकलं की संगणकाचीच डिस्क जाते.

काळी स्क्रीन म्हणजे मेलेला फोन नव्हे

इथे बरेच जण हिंमत सोडतात, आणि इथेच धीर धरायला हवा. पोस्टमार्केटओएस सुरू झालं की फोन यूएसबीवरून नेटवर्क कार्डासारखा दिसतो. केबल जोडून मिनिटभर थांबा आणि संगणकावर 'आयपी अ‍ॅड्रेस' पाहा. १७२.१६.४२.२ असा पत्ता मिळालेला दिसला, तर फोन जिवंत आहे; अडचण फक्त स्क्रीनची आहे. मग १७२.१६.४२.१ वर एसएसएच या दुरून लॉगिन करायच्या कमांडने आत शिरा. पीएमबूटस्ट्रॅप या पोस्टमार्केटओएसच्या टूलने स्वतः बांधलेल्या इमेजमध्ये, तुम्ही ते बंद केलं नसेल तर, एसएसएच चालू असतं, म्हणून पहिल्या प्रयत्नासाठी तयार इमेजपेक्षा स्वतः बांधलेली बरी. (तयार इमेज घेतलीच तर १४७१४७ हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, तो सगळ्या जगाला ठाऊक आहे.) दुसऱ्यांदा इन्स्टॉल केल्यावर एसएसएच 'ओळख बदलली आहे' म्हणून अडवतं. फोनची किल्ली नवी झाल्यामुळे ते होतं. 'एसएसएच-कीजेन -आर' (मोठं R) आणि तो पत्ता दिला की वाट मोकळी.

आत गेल्यावर डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी, वाचा. वायफाय नसेल तर 'फर्मवेअर' हा शब्द शोधा. ओळीच्या शेवटी 'एरर -२' असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की फाइल जागेवर नाही. त्या फोनचं फर्मवेअर पॅकेज बसवा आणि रीबूट करा.

मुळात लिनक्ससाठीच बनवलेल्या पाइनफोनवर मात्र डीमेसेज उघडण्याआधी मागचं झाकण उघडा. तिथे सहा बारीक स्विच आहेत: १ मोडेम, २ वायफाय-ब्लूटूथ, ३ माइक, ४ मागचा कॅमेरा, ५ पुढचा कॅमेरा, ६ हेडफोन. सहावा बंद असेल तर हेडफोनच्या भोकातून आवाजाऐवजी सीरियल कन्सोल (संगणकाला फोनच्या नोंदी दाखवणारी जोडणी) मिळतो. तसंच हा फोन आतल्या ईएमएमसी साठवणीआधी एसडी कार्डावरून सुरू होतो. आत नवी सिस्टिम टाकूनही जुनीच उघडत असेल तर कार्ड काढा. सिमची जागा मायक्रो-सिमची आहे. नॅनो-सिम अ‍ॅडॉप्टरशिवाय घातलं तर अडकतं, आणि रिकामा अ‍ॅडॉप्टर घालून ओढला तर आतल्या पिना वाकतात.

रेंज आहे, कॉल लागत नाही

'एमएमसीएलआय -एम एनी' ही कमांड मोडेमची अवस्था सांगते. 'सिम-मिसिंग' असेल तर सिम काढून घाला. 'रजिस्टर्ड' असूनही इंटरनेट नसेल तर एपीएन (सिम कंपनीच्या इंटरनेट जोडणीचं नाव) हाताने भरा. इंटरनेट आहे पण कॉल लावला की लगेच तुटतो, तर कारण बहुधा व्होल्टी (४जी वरून होणारे कॉल) चालू नसणं. फोन कॉलसाठी २जी किंवा ३जी वर उतरायला बघतो आणि नेटवर्कवर ते बंद झालेलं असतं. लिनक्स फोनमध्ये व्होल्टी मोडेम, पोर्ट आणि सेवा देणारी कंपनी या तिघांवर अवलंबून असते. पाइनफोनच्या ईजी२५-जी मोडेमला ती जमते, पण मोडेममध्ये योग्य प्रोफाइल निवडलेलं असावं लागतं. तुमच्या नेटवर्कवर कॉल, एसएमएस आणि आवाज दोन्ही बाजूंनी तपासून झाल्याशिवाय या फोनला एकमेव फोन करू नका. अडीअडचणीला मदतीचा कॉल लागलाच पाहिजे.

झोप आणि गजर

बॅटरी वाचवण्यासाठी फोन सस्पेंड होतो, आणि त्या अवस्थेत साध्या घड्याळ अ‍ॅपचा गजर वाजत नाही, कारण प्रोसेसरच थांबलेला असतो. 'आरटीसीवेक -एम मेम -एस ६०' चालवून फोन मिनिटाने स्वतः जागा होतो का पाहा. मग तो झोपेत असताना दुसऱ्या फोनवरून कॉल करा. दोन्ही जमलं तरच आपोआप झोप चालू ठेवा; नाहीतर ती बंद करून चार्जर जवळ बाळगणं जास्त शहाणपणाचं.

अपडेट

पोस्टमार्केटओएस अल्पाइन लिनक्सवर उभं आहे आणि दोघांच्या आवृत्त्या जोडीने चालतात: २४.१२ बरोबर अल्पाइन ३.२१, २५.०६ बरोबर ३.२२. रिपॉझिटरीच्या फाइलमधली एकच ओळ बदलली तर पॅकेज एकमेकांशी जुळेनाशी होतात. आवृत्ती बदलायला 'पोस्टमार्केटओएस-रिलीज-अपग्रेड' वापरा, आणि रोजच्या वापराच्या फोनवर 'एज' ही सतत बदलणारी चाचणीची शाखा ठेवू नका. उबंटू टचमध्ये मूळ सिस्टिम फक्त वाचण्यासाठी असते. ती लिहिण्याजोगी करून एपीटी कमांडने पॅकेज घातली तर चालतात, पण पुढचं ओटीए (इंटरनेटवरून थेट फोनवर येणारं) अपडेट आलं की ती पुसली जातात. तिथे डेस्कटॉपची अ‍ॅप हवी असतील तर लिबरटाइनचा कंटेनर आहे, अँड्रॉइडची हवी असतील तर वेड्रॉइड. वेड्रॉइडला कर्नलमध्ये बाइंडर (अँड्रॉइडला लागणारा कर्नलचा एक भाग) लागतो, आणि फोनची प्रामाणिकता तपासणारी बँकेची बरीच अ‍ॅप त्यात उघडत नाहीत, म्हणून जुना फोन पुसण्याआधी बँकेचे व्यवहार दुसऱ्या फोनवर किंवा ब्राउझरवर हलवून घ्या.