जुन्या ट्रॅक्टर-अवजारांचा पार्ट मिळत नाहीये? शोधताना या चुका टाळा

मशीन जुनं झालं, कंपनी बंद पडली, आता पार्ट कुठून आणायचा असं म्हणत लोक ते भंगारात द्यायला निघतात, आणि उघडून बघितलं तर गेलेलं असतं एक साधं बेअरिंग नाहीतर ऑइल सील (शाफ्टजवळून तेल गळू न देणारी रबरी कडी). गडबड इथे होते की आपण पार्ट मशीनच्या नावाने शोधतो. दुकानदाराला "अमुक कंपनीच्या मळणी यंत्राचं बेअरिंग आहे का" विचारलं की तो नाहीच म्हणणार, पण खरं म्हणजे बेअरिंग, सील, पट्टे, चेन हे बहुतेक वेळा मशीनच्या कंपनीने बनवलेलंच नसतं, बाहेरून घेऊन बसवलेलं असतं आणि त्याला स्वतःचा नंबर नाहीतर माप असतं. तो नंबर घेऊन जा, मशीनचं नाव काढूच नका.

बेअरिंगच्या कडेला घासून पुसून बघा, ६२०५ असं काहीतरी कोरलेलं दिसेल. शेवटचे दोन आकडे (०४ किंवा त्याहून मोठे असतील तर) गुणिले ५ म्हणजे आतलं भोक, म्हणजे इथे २५ मिमी. बाहेरचा व्यास ५२, जाडी १५, कुठल्याही कंपनीचं घेतलं तरी हेच. पण ६३०५ पण आतून २५ च असतं हं, बाहेरून मात्र ६२ आणि जाडी १७, त्यामुळे नुसता शाफ्ट मोजून बेअरिंग मागायला जाऊ नका. नंबर पार पुसला गेला असेल तर आतलं, बाहेरचं, जाडी अशी तिन्ही मापं वर्निअरने (बारीक माप घेणारी सरकती पट्टी) घ्या, टेपने नाही. आणि नंबरामागची अक्षरं सोडू नका, टू आरएस म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील, झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण. धुळीत चालणाऱ्या अवजाराला उघडं बेअरिंग टाकलं तर ते किती टिकणार तुम्हीच सांगा.

ऑइल सीलचं पण तसंच, ३५-५२-७ असं लिहिलेलं असतं, म्हणजे शाफ्ट, बाहेरचा व्यास, जाडी. नवं सील टाकूनही गळतंय म्हणून तीन-तीन सील बदलणारे लोक असतात, आणि शाफ्टवर बोट फिरवून कोणी बघत नाही की सीलच्या ओठाने तिथे खाच पाडलीये. तिथे शाफ्टवर बारीक स्लीव्ह (पातळ धातूची नळी) चढवावी लागते, नाहीतर जागा असेल तर सील थोडं आतबाहेर सरकवून बसवावं लागतं.

पट्ट्याच्या बाबतीत जुना पट्टा मोजून नवा आणू नका, तो ताणून लांब झालेला असतो. नंबर वाचता येत असेल तर बेस्टच, बी ५६ म्हणजे बी सेक्शन (वरची रुंदी साधारण १७ मिमी) आणि आतली लांबी ५६ इंच. पुसला असेल तर टेन्शनची पुली मधोमध ठेवून पुल्यांच्या खाचेतून दोरी फिरवून अंदाज घ्या. दोन पट्टे शेजारी चालत असतील तर दोन्ही एकदम बदला, एकच बदलला तर सगळा भार नव्यावर येतो.

आता मॉडेलचं नाव. नाव एक आणि आतला माल वेगळा हे जुन्या ट्रॅक्टरात सर्रास आहे. मॅसी फर्ग्युसन ३५ घ्या, ब्रिटनमध्ये बनलेल्या सुरुवातीच्या डिझेल ३५ ला स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, १९५९ च्या शेवटी पर्किन्सचं तीन सिलिंडरचं आलं, नाव तेच ३५! म्हणून ट्रॅक्टरचा सिरीयल नंबर वेगळा आणि इंजिनचा वेगळा, दोन्ही लिहून घ्या. डिझेल पंपाला सुद्धा स्वतःची प्लेट असते, तिचा फोटो काढून ठेवा. आणि एक, हाउसिंगवर उठावाचे जे आकडे दिसतात ते बऱ्याचदा कास्टिंग नंबर (ओतकामाच्या साच्याचे) असतात, पार्ट नंबर नाही. एकाच कास्टिंगला वेगवेगळी भोकं पाडून दोन वेगळे पार्ट निघू शकतात. खरा नंबर पार्ट्स बुकमध्ये मिळतो, आणि तो "बंद झाला" असं ऐकलं तर त्याच्या जागी नवा कुठला नंबर आलाय ते विचारा, पुष्कळदा पार्ट बंद झालेला नसतो, नुसता नंबर बदललेला असतो.

बोल्टवर तर वेगळा लेख होईल. जुन्या मशीनवर इंची आटे असतात आणि आपण घरातला मिमीचा बोल्ट घुसवतो. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे ८ मिमीचा बोल्ट जाईल असंच वाटतं, एक-दोन आटे जातो पण, मग अडकतो, मग आपण पाना लावून जोर करतो आणि कास्टिंगमधले आटे गेले. हाताने फिरत नसेल तर थांबा. अर्धा इंच विटवर्थला (जुने ब्रिटिश आटे) इंचाला १२ आटे आणि यूएनसीला (अमेरिकन आटे) १३, डोळ्याला फरक कळत नाही, पिच गेज (आटे मोजायच्या दातेरी पट्ट्या) लावा. हायड्रॉलिकमध्ये अर्धा इंच बीएसपी (ब्रिटिश पाइप आटे) आणि एनपीटी (अमेरिकन पाइप आटे) तर दोन्ही इंचाला १४ आट्यांचे, आट्यांचा कोन मात्र वेगळा, बसल्यासारखं वाटतं आणि प्रेशर आलं की गळायला लागतं. तिथे टेफलॉन टेप गुंडाळत बसू नका, फिटिंगच बदला.

इंजिन पूर्वी उघडलेलं असेल तर "स्टँडर्ड साइझ द्या" म्हणू नका. जुन्या शेलच्या (क्रँकशाफ्टभोवतीच्या अर्धगोल बेअरिंगच्या) पाठीवर ०.२५ (मिमी) किंवा ०१० (इंचाचे हजारावे भाग) असं दिसलं तर क्रँक आधीच घासलेला आहे, त्याच्यावर स्टँडर्ड शेल टाकलं की ऑइल प्रेशर गेलंच.

शिअर बोल्ट सारखा तुटतो म्हणून ठरलेल्यापेक्षा कडक बोल्ट टाकणारे पण आहेत. अरे बाबा, तो तुटायलाच ठेवलाय, तो नाही तुटला तर गिअरबॉक्स तुटेल.

काहीच सापडलं नाही तर लेथवाल्याकडून करून घेता येतं, बुश, पिन, स्पेसर बिनधास्त करून घ्या, फक्त घासणाऱ्या पिनला हार्डनिंग करायला सांगा, साधं लोखंड लवकर झिजतं. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या पार्टमध्ये मात्र जुगाड नको. आणि नवा पार्ट बसून मशीन लोडवर चालेपर्यंत तुटलेले तुकडे टाकू नका, माप चुकलं तर परत मोजायला तेच लागतात.