बफेलोच्या हिवाळ्याची आगोट

दसऱ्याला सोनं वाटून झालं की त्याच आठवड्यात मी आगोट भरायला घेते. शब्द कोकणातला आहे. आमच्याकडे गुहागरला मृग लागायच्या आत चार महिन्यांचं सामान घरात यायचं. तांदूळ, कुळीथ, कडवे वाल, सुक्या मिरच्या, आमसुलं, सोडे, सुकट, वाशाला टांगलेल्या कांद्याच्या माळा आणि पडवीत रचलेला लाकूडफाटा, या सगळ्याला मिळून आगोट म्हणायचे. लग्न होऊन मी न्यूयॉर्क राज्यात बफेलोला आले, त्याला पंधरा वर्षं झाली. इथे पावसाऐवजी स्नो माणसाला घरात कोंडतो, पण हिशेब मी आईचाच लावते. नव्याने आलेल्या मराठी घरांतून दर ऑक्टोबरला मला विचारणा होते, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते आहे.

दसऱ्याचा मुहूर्त उगाच नाही. बफेलो ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात सरोवराचं पाणी अजून गोठलेलं नसतं. त्यावरून गार, कोरडा वारा लांबच लांब वाहत येतो, पाण्याची वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर चढला की सगळी स्नोच्या रूपात टाकून देतो. इथे त्याला ‘लेक इफेक्ट’ म्हणतात. सरोवर गोठलं की त्याचा जोर कमी होतो, म्हणजे मोठा धोका हिवाळ्याच्या सुरुवातीलाच असतो. नोव्हेंबर 2022 मध्ये दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्कला चार दिवसांत सुमारे 80 इंच स्नो पडला. असा स्नो पडतो तो पट्टा अरुंद असल्यामुळे आम्हा उत्तरेकडच्यांच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडा आला. आम्ही सुटलो असं वाटलं. पाच आठवड्यांनी, 23 डिसेंबरला, हिमवादळ आलं. विमानतळावर सलग 37 तास वाऱ्याने पुढचं काही दिसत नव्हतं. रुग्णवाहिका आणि आगीचे बंबसुद्धा रस्त्यात अडकले. त्या वादळात इथे 40 हून जास्त माणसं गेली.

आमची वीज शुक्रवारी दुपारी गेली ती शनिवारी रात्री आली. शेजारी एक आजोबा एकटे राहतात, ऐंशी पार केलेले. शनिवारी वारा जरा पडला तेव्हा नवरा मधली तीस पावलं चालून त्यांना आमच्याकडे घेऊन आला. आजोबांचा फ्रीझर तयार जेवणांच्या खोक्यांनी गच्च भरला होता. पण शेगडी विजेची, मायक्रोवेव्ह विजेचा, डबे उघडायचं यंत्रही विजेचंच. चोवीस तास ते बिस्किटांवर होते. मी त्यांना मऊ भात, मेतकूट आणि वर तुपाची धार घालून दिली. ते काही न बोलता दोनदा वाढून घेऊन जेवले. त्या दिवसापासून मी आगोटीचे तीन भाग करते, आणि तुम्हीही तसेच करा असं माझं कळकळीचं सांगणं आहे. सामान किती आहे हे नंतर मोजा. वीज नसताना त्यातलं काय पोटात जाऊ शकतं, हे आधी मोजा.

पहिला भाग विस्तवाशिवाय खाता येईल असा. दडपे पोहे, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या, चिवडा, दाण्याचं कूट, पीनट बटर, टिकाऊ दुधाची खोकी, डब्यातले चणे आणि मासे. यासोबत हाताने फिरवायचा ओपनर हवाच. दोन घ्या, एक डब्यांच्या फळीवरच दोरीने बांधून ठेवा. घरातल्या सगळ्यांना तीन पूर्ण दिवस पुरेल एवढा हा भाग मी ठेवते.

दुसरा भाग नुसत्या उकळत्या पाण्यावर होणारा. घरी भाजलेल्या रव्यात जिरं, मोहरी, कढीपत्त्याची कोरडी फोडणी आणि मीठ कालवून ठेवलं की पाणी ओतून पाच मिनिटांत उपमा होतो. भाजलेली नाचणी सत्त्वासारखी शिजते. कुळथाचं पीठ तर आपलं हक्काचं आहे. पिठलं व्हायला गॅस फार लागत नाही, आणि थंडीत त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तिसरा भाग म्हणजे रोजचं वाणसामान: तांदूळ, कणीक, डाळी. तूरडाळ जुनी असेल तर शिजता शिजत नाही, म्हणून वादळासाठी मूगडाळ आणि मसूरडाळ जास्त ठेवा. कुकरला दोन शिट्ट्यांत काम होतं.

आता मापं. पाच महिन्यांचं सामान इथे भरायची गरज नाही. रस्ते मोठ्यातल्या मोठ्या वादळानंतरही आठवड्या-दीड आठवड्यात सुरळीत होतात. मी तीन आठवड्यांची खालची रेघ धरते, आणि होळीपर्यंत साठा त्या रेघेखाली जाऊ देत नाही. आम्ही तिघं. रोज तांदूळ 300 ग्रॅम, कणीक 400 ग्रॅम म्हणजे तेरा-चौदा पोळ्यांची, डाळ आणि कडधान्यं मिळून 150 ग्रॅम. एकवीस दिवसांचे झाले तांदूळ साडेसहा किलो, कणीक साडेआठ किलो, डाळी-कडधान्यं सव्वातीन किलो. कणकेची 20 पाउंडांची एक पिशवी त्यात बरोबर बसते. तेल तीन लिटर, तूप एक किलो, साखर-गूळ मिळून तीन किलो, चहा एक मोठी पुडी. त्यावर एका जादा माणसाचं धरा. आमच्याकडे ते जादा माणूस आजोबा होते, तुमच्याकडे कोण येईल ते आधी कळत नाही. तुमच्या घरचं माप काढायला एक आठवडा रोज शिजवण्याआधी वाटीने मोजून फ्रिजवर लिहून ठेवा. दुसऱ्याची यादी उतरवून आणलेलं सामान एप्रिलमध्ये तसंच पडलेलं सापडतं.

ठेवायचं कुठे, यात इथे नवीन आलेली माणसं सगळ्यात जास्त चुकतात. कोकणात शत्रू ओल. पापड सादळतात, मिठाला पाणी सुटतं, पिठाला बुरशी धरते. इथे फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, सुरू झाला की घरातली हवा इतकी कोरडी होते की पापड महिनोन् महिने कुरकुरीत राहतात. इथला शत्रू आहे गॅरेज. पहिल्या वर्षी मी बटाटे-कांद्यांच्या पिशव्या आणि टोमॅटोचे डबे गॅरेजमध्ये ठेवले. थंडच तर आहे, असं वाटलं. जानेवारीत एका रात्री पारा शून्याच्या बराच खाली उतरला. सकाळी बटाटे दगड झाले होते आणि दुपारी काळं पाणी. डबे फुगले होते. फुगलेला किंवा शिवणीला सुटलेला डबा उघडूनही बघू नका, थेट फेकून द्या. सगळं सामान मी फेकलं आणि त्या रात्री रडले. पिशव्या बाजारातून आणायला दोन बस बदलल्या होत्या, गाडी तेव्हा नव्हती.

बेसमेंटचा बाहेरच्या भिंतीकडचा, फर्नेसपासून लांबचा कोपरा शोधा आणि तिथे आठवडाभर थर्मामीटर टांगा. आमच्या उत्तरेच्या कोपऱ्यात 9 ते 11 अंश सेल्सिअस असतं. बटाट्याला साधारण 7 ते 10 अंश आणि पूर्ण काळोख मानवतो. फ्रिजमध्ये ठेवला तर त्यातल्या पिठाची साखर होते आणि भाजी गोडसर लागते. कांदे बटाट्यांपासून दूर, हवेशीर ठेवा. मी जुन्या नायलॉनच्या मोज्यांत एकेक कांदा घालून मध्ये गाठ मारते आणि माळ खिळ्याला टांगते. खालून एक कापला की एक कांदा हाती येतो. गावच्या माळांची आठवण यावी म्हणून सुरू केलं, पण टिकतातही उत्तम. सफरचंदं मात्र त्या कोपऱ्यात आणू नका. इथे वरच्या ओंटारिओ सरोवराच्या काठाला बागाच बागा आहेत, पेटी स्वस्तात मिळते आणि मोह होतो. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो, त्याने बटाट्यांना मोड येतात आणि गाजरं कडवट होतात.

गाजरांची पानं कापून, न धुता, ओलसर वाळूच्या खोक्यात आडवी पुरली की ती फेब्रुवारीपर्यंत कडक राहतात. कोबी घट्ट गड्ड्याचा घ्या, कागदात गुंडाळून फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात ठेवा, दीड-दोन महिने जातो. बटरनट भोपळा ही इथली खरी देणगी आहे. देठासकट, साल न खरचटलेला, कोरड्या फळीवर तीन महिने सहज बसतो. त्याचे घारगे आपल्या लाल भोपळ्याच्या घारग्यांना तोंडात मारतात, असं मी आईलाही सांगितलं, आणि तिने इथे येऊन खाल्ल्यावर मान्य केलं. ताजं हिरवं अगदीच संपलं तर मूग भिजवून मोड काढा. थंडीत मोड येत नाहीत अशी तक्रार असते. चाळणी ओव्हनमध्ये ठेवून ओव्हन बंदच ठेवा, फक्त आतला दिवा लावा. विरजणही तिथेच लागतं.

फ्रीझरमध्ये जागा त्यांनाच द्या ज्यांना बाहेर खवट वास लागतो: कणकेची जादा पिशवी, शेंगदाणे, सुकं खोबरं, गोडा मसाला. बाजरीचं पीठ तर चार-आठ दिवसांतच कडू होतं, ते आणल्या आणल्या आत जाऊ दे. नवीन कणीक आणि रवा मी आधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मगच डब्यात भरते, किड्यांची अंडी मरतात. तांदळाला आई लावायची तसं एरंडेल लावते. ओला नारळ खवून चपटी पाकिटं करा, जाड गोळा करू नका, कारण चपट्या पाकिटाचा हवा तेवढा तुकडा मोडता येतो. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या अख्ख्या, आलं किसून. कोथिंबीर नुसती गोठवली तर लिबलिबीत होते, हिरवी चटणी करून बर्फाच्या साच्यात घाला. सोडेही तिथेच, तीन पिशव्यांत बांधून. इथल्या बंद घरात वास फिरतो.

उरलेल्या फटींत पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून गोठवा. वीज गेल्यावर गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता सुमारे 48 तास थंड राहतो, अर्धा भरलेला 24 तास. फ्रिज मात्र चारच तास. बाहेर एवढा स्नो आहे तर दूध तिथेच ठेवू, असं प्रत्येकाला सुचतं. तसं करू नका. उन्हाने ते दिवसा तापतं, आणि रॅकून व खारी वास काढत येतात. त्याऐवजी भांड्यात पाणी भरून बाहेर गोठवा आणि तो बर्फ फ्रिजमध्ये आणून ठेवा.

प्यायचं पाणी माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर धरा. घराला विहीर असेल तर वीज गेली की पंपही गेला, हे लक्षात ठेवा. बाहेरच्या भिंतीतली नळी गोठू नये म्हणून कडाक्याच्या रात्री नळाची बारीक धार सोडा आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाका.

पुढचं वाचताना घाई करू नका. गॅसची शेगडी बहुधा काडीने पेटवता येते, तुमची पेटते का ते ऑक्टोबरमध्येच बघा. पण बर्नर फक्त शिजवण्यापुरता. ऊब घ्यायला तो किंवा ओव्हन पेटता ठेवू नका. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, जनरेटर घरात आणि गॅरेजमध्ये कधीही नाही, दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. बॅटरीवर चालणारा डिटेक्टर झोपायच्या खोलीजवळ लावा आणि त्याची बॅटरी आगोटीच्या दिवशी बदला. फर्नेसची धूर बाहेर टाकणारी नळी भिंतीतून निघत असेल तर वादळात तिच्यावर स्नो चढतो. वारा थांबला की घरासमोरचा रस्ता उपसण्याआधी ती नळी मोकळी करा.

वादळाचा अंदाज जाहीर झाला की मी दुकानात जात नाही. त्या दिवशी फक्त तीन कामं करते. थर्मास गरम पाण्याने भरते, कुकरभर खिचडी आणि वीसेक पोळ्या करून ठेवते, आणि आजोबांना फोन करते. त्यांच्या कपाटातही आता खोकं आहे: डब्यातले मासे, क्रॅकर, पीनट बटर, हाताचा ओपनर आणि मेतकुटाची एक बरणी. बरणी ते वादळाची वाट न बघता संपवतात, म्हणून डिसेंबरात दुसरी देते.

होळीनंतर नवीन सामान आणणं बंद. पाडव्यापर्यंत फळीवरचं आधीचं आधी खाऊन संपवायचं. मोड आलेले बटाटे हिरवे झाले असतील तर टाकून द्या, बाकीच्यांचे डोळे खोल कापून काचऱ्या करा. शेवटचा भोपळा पाडव्याच्या घारग्यांना ठेवा.